अण्णांची दुभती कार्डं

बेळगावात, वडगावच्या एका गल्लीत मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्या साडेतीन वर्षांत माझं भाडं दर महिन्याला माझ्या घरमालकांनीच भरलं. हे ऐकलं की लोक हळहळतात. असा देवमाणूस आपल्याला का भेटला नाही, असं त्यांना वाटतं. देवमाणूस वगैरे काही नव्हतं. पाच तारखेला मी भाड्याची रोकड अण्णांच्या हातात द्यायची. अण्णांनी ती दोनदा मोजून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, चष्मा पुसायचा आणि मोबाइलवरून तेवढीच रक्कम स्वतःच्या क्रेडिट कार्डानं आक्कांच्या खात्यात 'घरभाडे' म्हणून पाठवायची. आक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. घर आक्कांच्या नावावर होतं आणि कार्ड अण्णांच्या. या फेऱ्यात थोडं कमिशन जाई, पण पॉइंट त्याहून जास्त मिळत. किती जास्त, ते अण्णा मला कागदावर मांडून दाखवत आणि मी समजल्यासारखी मान हलवत असे.

"अण्णा, म्हणजे तुम्हीच तुमच्या घरात भाडेकरू झालात की," मी एकदा म्हणालो.

"मग? घर हिच्या बापाचं हाय. मी बेळगुंदीचा. बत्तीस वर्षं फुकट ऱ्हायलो, आता भाडं भरालोय. तिलाबी बरं वाटू दे की."

अण्णा लाईट ऑफिसातून निवृत्त झालेले. उभी नोकरी बिलं घ्यायच्या खिडकीवर गेली. "तीस वर्षं लोकांचं पैसं मोजलं, सर. लाखानं मोजलं. त्यातला एक रुपाय माझा न्हवता. आता मोजतोय त्यातला थोडा माझा हाय," असं ते म्हणत. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून मी सर. माझा विषय इतिहास आहे हे कळल्यावर मात्र त्यांच्या नजरेतली माझी किंमत थोडी घसरली होती.

नोकरी सुटली तरी खिडकी सुटली नव्हती. पुढच्या खोलीला रस्त्याकडे एक गजांची खिडकी होती. तिच्या आत टेबल टाकून अण्णा बसत आणि गल्लीतले लोक बाहेर उभे राहून गजांतून बिलं आणि पैसे आत देत. लाईट, पाणी, गॅस, मोबाइल, पोरांची फी, विम्याचा हप्ता, काहीही. लोकांनी रोख द्यायचं, अण्णांनी कार्डानं भरायचं. लोकांचं रांगेत उभं राहणं वाचायचं आणि अण्णांना पॉइंट मिळायचे. दार सताड उघडं असलं तरी कुणी आत येऊन पैसे दिलेले त्यांना चालत नसत. वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते चार. एकदा मी एक वाजून दोन मिनिटांनी गॅसचं बिल घेऊन गेलो. अण्णा तिथंच, त्याच खुर्चीवर, समोर ताट घेऊन बसले होते.

"खिडकी बंद हाय," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्ही बसलेले दिसताय की."

"दिसतोय. पण बंद हाय. दोनला या."

हातात भाकरीचा तुकडा होता आणि चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य. मी खरंच दोन वाजता परत गेलो.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, मीटरचे नंबर राहत. गल्लीतून कुणी चाललं की ते मला माहिती पुरवत, "त्यो बघा, अठराशे बारा चाललाय. लई सरळ माणूस, थकबाकी कधी न्हाय." अठराशे बाराचं नाव महादेव. त्याचे चार पॉवरलूम होते आणि साड्या विणून त्याचं घर चाले. त्याच्या लग्नाला अण्णा गेले होते, तेव्हा आहेराच्या पाकिटावरही त्यांनी नावाऐवजी नंबर लिहिला होता, असं आक्का सांगत. खरंखोटं देव जाणे, पण मला ते खरं वाटतं.

कार्डं एकूण चार. चष्म्याच्या जुन्या डबीत रबर लावून ठेवलेली. बेळगुंदीच्या गोठ्यात वाढलेल्या माणसानं त्या चौघींना म्हशींच्या भाषेत बसवलं होतं. जास्त पॉइंट देणारं ते दुभतं कार्ड. बँकेनं नियम बदलून पॉइंट कमी केले की ते आटलं. ज्यावर काहीच मिळत नाही ते भाकड, पण ते विकवत नाही म्हणून ठेवलेलं. नवीन कार्डाचा अर्ज केला आणि ते यायचं असलं की "एक गाभण हाय" असं ते चारचौघांत सांगत, आणि नवा माणूस गोंधळून गोठा कुठं आहे ते शोधू लागे.

त्यांचा नियम मात्र कडक होता. "सर, कार्ड म्हंजे शेजाऱ्याची म्हस. दूध काढायचं आणि सांजच्याला तिच्या दावणीला नेऊन बांधायची. एक दिस जरी आपल्या दारात ऱ्हायली तर लाथ मारतीया." लाथ म्हणजे व्याज. आधी रोख डब्यात, मग कार्ड मशिनला. डब्यातला पैसा बँकेशिवाय कुठं जायचा नाही. आक्कांनी एकदा भाजीवाल्याला द्यायला त्यातले वीस रुपये उचलले, तर अण्णांनी त्यांना पावती मागितली होती.

एवढ्या पॉइंटांचं करायचं काय, हा गल्लीचा आवडता प्रश्न होता. कारण अण्णांनी आजवर त्यातला एकही खर्च केला नव्हता. मिक्सर मिळत होता, बॅगा मिळत होत्या, भिंतीवरचं घड्याळ मिळत होतं. अण्णांनी कशाला हात लावला नाही.

"पॉइंट, पॉइंट! चहात घालून ढवळू काय ते?" आक्का म्हणत.

"थांब जरा. तुला इमानानं दिल्लीला न्हेतो. फुकट."

हे त्यांचं आक्कांना दिलेलं वचन होतं. मुलगी दिल्लीला, जावई लष्करात. लग्नाला सहा वर्षं झालेली. आक्का एकदाच तिच्याकडे रेल्वेनं गेल्या होत्या आणि परत आल्यावर महिनाभर पाठ टेकून झोपू शकल्या नव्हत्या. लग्नाआधीपासून तीस वर्षं त्या हातमागावर बसलेल्या, कंबर तिथंच गेली होती. रेल्वे त्यांना झेपत नव्हती आणि विमान अण्णांच्या पॉइंटांवर अडलं होतं. पैसे नव्हते अशातला भाग नाही. पेन्शन चांगली होती. पण रोख पैसे मोजून विमानात बसणं अण्णांच्या मते निव्वळ अडाणीपणा होता. दर वर्षी पॉइंट पुरत आले की तिकीट महाग होई, नाहीतर "फुडल्या म्हयन्यात डबल मिळत्यात, आता कशाला मोडायचं?" असं काहीतरी निघे. सांबऱ्याच्या विमानतळाकडं जाणारं विमान वरून गेलं की आक्का हातातलं काम थांबवून बघत असत. ते बघून मला अण्णांचा राग यायचा. आता लपवत नाही.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. सरकारनं घरगुती लाईट दोनशे युनिटपर्यंत फुकट केली, तो महिना. घरोघर शून्याची बिलं आली. महादेवनं गल्लीत पेढे वाटले. अण्णा खिडकीत बसून होते आणि खिडकीबाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. समोर शून्याच्या बिलांची चळत. लोकांनी कौतुकानं दाखवायला आणून दिलेली.

"अण्णा, तुमचंबी शून्यच आलंय की!" महादेव पेढा पुढं करत म्हणाला.

"त्येच सांगालोय," अण्णा म्हणाले. "शून्याला पॉइंट किती?"

पेढा त्यांनी खाल्ला, पण तोंड कडू करून. त्या आठवड्यात आमच्या घरात दिवसाढवळ्या सगळे दिवे लागलेले असत. रिकाम्या खोल्यांतून पंखे फिरत. काय चाललंय ते आक्कांना तिसऱ्या दिवशी कळलं. दोनशे युनिट ओलांडून स्वतःच्या घराला बिल आणायचा अण्णांचा बेत होता. आक्कांनी मेन स्विच खाली ओढला आणि सांगितलं, "आता बसा अंधारात पॉइंट मोजत."

लाईटचं दूध आटल्यावर अण्णा पेट्रोलकडं वळले. माझं गाव निपाणी. दर शनिवारी मी मोटरसायकलवरून घरी जायचो. निपाणीच्या पुढं कोगनोळी, तिथं कर्नाटकाची हद्द संपते. पलीकडं महाराष्ट्रात पेट्रोल महाग, म्हणून कोल्हापूरकडच्या गाड्या अलीकडं येऊन टाक्या भरून जातात. हे मी एकदा बोलता बोलता सांगून गेलो आणि पुढच्या शनिवारी अण्णा पांढरी टोपी घालून माझ्या मागं बसले. 'गाभण' कार्ड नुकतंच आलं होतं आणि ते पेट्रोलला चौपट देत होतं.

पंपावर अण्णा थेट मशिनजवळ जाऊन उभे राहिले. कोल्हापूरची एक मोठी गाडी आली.

"पैसं मला द्या, कार्ड मी घासतो," अण्णांनी काचेतून वाकून सांगितलं.

"का बरं?"

"पॉइंट मिळत्यात."

"मला?"

"न्हाय, मला."

काच वर गेली. पुढच्या गाडीनं तर दारं आतून लावून घेतली. एका रिक्षावाल्यानं त्यांच्या हातावर पाच रुपये ठेवले. तासाभरात अण्णांना एकही गिऱ्हाईक मिळालं नाही. शेवटी पंपाचा मॅनेजर आला आणि कन्नडमध्ये तावातावानं विचारू लागला की हा कसला धंदा आहे. अण्णांनी शांतपणे, कन्नडमध्येच, त्याला उलट विचारलं की पंपाला लाईटचं बिल किती येतं. मॅनेजरनं आकडा सांगितला. अण्णांनी तो जास्त आहे म्हणून सांगितलं आणि का जास्त आहे, कुठला आकार चुकीचा लागलाय, अर्ज कुणाकडे करायचा, हे सगळं त्याला खुर्चीवर बसून लिहून दिलं. पाऊण तासानं मी बघतो तर अण्णांपुढं चहा, खारी, आणि मॅनेजर उभा. चार टाक्या त्यानं स्वतःहून अण्णांच्या कार्डावर भरून दिल्या.

परतताना आमच्या घरी निपाणीला जेवायला थांबलो. माझ्या आईनं आधी मला आत बोलावून "कसलं रं खूळ हे तुझं मालक?" असं विचारलं आणि जेवण होईतो वर्षाच्या घरपट्टीचे पैसे त्यांच्या हवाली केले. अण्णांपुढं माणूस असा हळूहळू वितळायचा. कारण त्यांना खरोखरच तुमच्या बिलाची काळजी असायची.

मग दिल्लीहून बातमी आली. मुलीला दुसरी मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बारसं, महिन्याच्या सोळा तारखेला. मुलीनं फोनवर आईला सांगितलं, "आई, ह्या खेपेला तू आलीसच पायजेस. न्हाय आलीस तर मी बारसंच करणार न्हाय." फोन ठेवल्यावर आक्का अण्णांना एवढंच म्हणाल्या, "तुमचं पॉइंट भरस्तवर नात शाळंला जाईल."

अण्णांनी डायरी काढली. दोन तिकिटांना चाळीस हजार पॉइंट लागत होते, एकतीस हजार होते. उरलेले नऊ हजार महिन्यात जमवायचे होते. ही गोष्ट गल्लीला कळली आणि गल्ली पेटलीच. आक्कांना विमानात बसवायचं म्हणून ज्याच्या त्याच्या घरातून बिलं बाहेर पडू लागली. कुणी पोरांची वर्षाची फी आधीच भरली, कुणी विम्याचा पुढचा हप्ता ओढून घेतला. महादेवनं मागाचे सुटे भाग घ्यायचे लांबवले होते, ते घेतले. मी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं. पैसे सगळ्यांकडं हातात नव्हते. विणकरांना साडीचे पैसे व्यापाऱ्याकडून पाच तारखेला मिळतात. तेव्हा अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. आधी कार्ड, रोख मागाहून. डबा रिकामा आणि चारही कार्डं काठोकाठ भरलेली.

"झालं, सर! बेचाळीस हजार होत्यात," त्यांनी खिडकीतून मला ओरडून सांगितलं. रस्त्यावरची माणसं थांबून टाळ्या वाजवत होती.

तेरा तारखेला सकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत. चेहरा उतरलेला होता. मोबाइल माझ्यापुढं धरला. पॉइंट तेवढेच, एकतीस हजार.

"बिल तयार झाल्याबिगर पॉइंट जमा होत न्हाईत," ते म्हणाले. "बिल अठराला तयार होतंय."

पूर्वी ते आठ तारखेला तयार व्हायचं. पण मग पैसे भरायची मुदत महिनाअखेरीस संपायची आणि विणकरांचा हात तेव्हा रिकामा असायचा. म्हणून दोनच महिन्यांपूर्वी अण्णांनी बँकेला चार अर्ज करून ती तारीख अठरावर नेली होती. गल्लीच्या सोयीसाठी. आणि सगळ्या जगाच्या तारखा ध्यानात ठेवणारा हा माणूस ती एक विसरून जुन्याच तारखेवर हिशोब मांडत बसला होता.

"आता काय, अण्णा?"

"गाडी काढा. आदी बँकेत, मग कॅम्पात."

कॅम्पात लष्करी कुटुंबांना तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाचं दुकान होतं. त्यानं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की पंधराच्या विमानात दोनच सीट उरल्यात, जाऊन-येऊन दोघांचे एकोणतीस हजार आठशे. अण्णांनी डोळे मिटले.

"क्रेडिट कार्ड आहे का काका?" एजंट म्हणाला. "आज कार्डावर हजार रुपये सूट आहे. शिवाय पॉइंट डबल."

मी अण्णांकडं बघायचं टाळलं. खिशातली डबी त्यांनी वरूनच चाचपली. चार कार्डं, आणि एकावरही हजाराची जागा नाही. पैसे भरून जागा करायची तर ते जमा व्हायला दुसरा दिवस उजाडणार आणि सीट तोवर थांबणार नव्हत्या.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "कार्डबिर्ड न्हाय माझ्याकडं. रोख घ्या."

त्यांनी पेन्शनच्या खात्यातून काढून आणलेल्या नोटा टेबलावर मोजल्या. दोनदा मोजायची सवय, पण या वेळी एकदाच मोजल्या. एजंटानं छापून दिलेली तिकिटं घडी घालून त्यांनी खिशात डबीशेजारी ठेवली. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की बाहेर येऊन मी त्यांना मिठीच मारली.

"हिला बोलू नगासा," मोटरसायकलवर मागं बसता बसता ते म्हणाले. "पॉइंटानं न्हेतो म्हटलंय मी. तिला वाटंल माझं गणित चुकलं."

घरी गेल्यावर त्यांनी तिकिटं आक्कांच्या हातात ठेवली. "हे घे. फुकट. पर्समधी ठेव, हरवशील." आक्कांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, घडी घातली आणि "बरं" म्हणाल्या.

गल्ली त्यांना पोचवायला टेंपो करून सांबऱ्याला गेली. आठ दिवसांनी दोघं परत आले, तेव्हा आक्का दारात बसून येईल त्याला विमानाची गोष्ट सांगत होत्या. ढग वरून कसे दिसतात, पट्टा कसा लावतात, नातीचं नाक कुणासारखं आहे. आणि दर वेळी शेवटी ठासून सांगायच्या, "एक रुपाय लागला न्हाय. सगळं ह्यांच्या पॉइंटात." फुकटाची गोष्ट रंगवून सांगायची एकही संधी न सोडणारे अण्णा तेवढ्यापुरते उठून आत जायचे. अठरा तारखेचे पॉइंट जमा होऊन तसेच पडले होते, त्याबद्दल कुणी विचारलं तरी ते विषय बदलायचे.

चार दिवसांनी आक्का दिल्लीचा पेठा घेऊन वर आल्या. मी आपलं बोलायला म्हणून म्हणालो, "आक्का, शेवटी फुकट जाऊन आलात की नाही!"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"तूबी लबाडच की रं! तिकिटावर आकडा छापलेला असतोय. मला काय वाचता येत न्हाय? एकोणतीस हजार आठशे, रोख."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"आनी काय बोलू? इमानात तिकडं जाताना सारखं मला इचारालते, बरं वाटालंय काय, बरं वाटालंय काय. फुकटातल्या मानसाला कोन असं इचारतंय व्हय?" त्यांनी पेठ्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. डोळे भरून आले होते, पण हसू गेलं नव्हतं. "त्यास्नी सांगू नगोस हं, मला ठावं हाय म्हणून. ढगबिग ठीक हाय रं. पर त्यो आकडा मी त्या आट दिसांत कितींदा तरी पर्समधनं काढून बघितला बघ."